पंगत एकच

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. या अंकात संस्थापकांविषयी, गुरुजनांविषयी आणि मोठमोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांविषयी लेख असणार. माझ्याजवळ तसे सांगण्यासारखे काही नाही. मी काशीगावात एक लहानसे पाळणाघर चालवते. सकाळी साडेसातला दार उघडते आणि शेवटच्या मुलाची आई आली की बंद करते. तरीही लिहायला बसले, कारण आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात शिकलेला एक धडा मला पुष्कळ वर्षे अर्धाच समजला होता. उरलेला अर्धा मला अडीच वर्षांच्या एका मुलाने आणि त्याच्या आजीने शिकवला. तो आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल, असे वाटते.

ज्यांनी काशीगाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मीरा-भाईंदरच्या पूर्वेकडील हे टोक. महामार्गापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची डोंगररांग आहे, अलीकडे उंच इमारती आणि मेट्रोचे खांब. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात जुनी घरे, आदिवासी पाडे आणि चाळींच्या रांगा. 2002 साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली. त्यानंतर येथे जी वस्ती वाढली, तीत मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातून कामासाठी आलेली आपली माणसे बरीच आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आया मीरा रोडच्या इमारतींमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामे करतात. वडिलांपैकी कोणी भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आहे. दीड ते पाच वर्षांची अठरा मुले, मी आणि एक मदतनीस मावशी, एवढा आमचा संसार.

आता वसतिगृहाची आठवण. आपल्या भोजनगृहातील पंगत आठवते ना? लांबच लांब सतरंजी, समोर ॲल्युमिनियमची ताटे, वंदना झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, आणि ताटात पडेल ते संपवायचे. आवडनिवड बोलून दाखवणे हा मोठा अपराध होता. त्यामागचे कारण आम्हांला नीट ठाऊक होते. आमच्यापैकी कित्येकींच्या घरी दोन वेळची चूल पेटण्याची खात्री नव्हती. शिवाय एकाच सतरंजीवर, एकाच पातेल्यातले, एकाच हाताने वाढलेले अन्न हा आमच्या दृष्टीने साधा प्रसंग नव्हता. ज्यांच्या आजोबांना गावच्या पंगतीपासून दूर बसवले गेले, त्यांच्या नातींसाठी तो मान होता.

सहावीत असताना आमच्या रांगेत एक नवी मुलगी आली. दाण्याची चटणी तिच्या ताटात पडली की ती बोटाने ती कडेला सारायची. कूट घातलेली भाजी असली तर कोरडी भाकरी खायची. विचारले तर म्हणायची, “तोंडात खाजतं. घसा आवळतो.” आम्ही तिला नखरेल ठरवले. मीच तिला ‘महाराणी’ हे नाव ठेवले आणि ते साऱ्या वसतिगृहात चालले. एकदा तिच्या नकळत तिच्या भाकरीला चटणी लावण्याचा बेत आम्ही केला होता. ऐन वेळी घंटा झाली म्हणून तो राहिला. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली ती परतलीच नाही. पुढे कित्येक वर्षे ही आठवण मला एक बालिश गंमत म्हणून आठवत असे.

आठ-दहा वर्षांपूर्वी जून महिन्यात एक तरुण आई आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. त्याला आपण छोटू म्हणू. पिशवी हाती देताना घाईघाईने ती म्हणाली, “ताई, याला शेंगदाणे देऊ नका हं, चालत नाहीत.” मी बरे म्हटले. ‘चालत नाही’ हे शब्द आपण मराठीत किती गोष्टींसाठी वापरतो! एखाद्याला दूध चालत नाही म्हणजे पोट बिघडते, एखाद्याला कारले चालत नाही म्हणजे आवडत नाही, एखाद्याला चतुर्थीला कांदा चालत नाही. यांपैकी कोणता अर्थ त्या आईच्या मनात आहे, हे मी विचारले नाही. तिलाही पूर्ण ठाऊक नव्हते. पूर्वी एकदा चिक्कीचा तुकडा खाल्ल्यावर त्याचे ओठ सुजले होते, एवढेच ती जाणत होती.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी आम्ही पोहे केले. मावशींनी आठवणीने छोटूच्या ताटलीतले दाणे एकेक वेचून काढले आणि मग त्याला भरवले. त्यांनी आपल्या परीने काळजीच घेतली होती. दहा मिनिटांत तो ओठ चोळू लागला. मानेवर आणि पोटावर लाल गांधी उठल्या. “अंगावर पित्त उठलं,” असे म्हणत मावशींनी आमसुले भिजत घातली. मीही त्यांना अडवले नाही. माझ्या आईने हेच केले असते. आमसुलाचे पाणी अंगाला लावेपर्यंत तो खोकू लागला. मग उलटी झाली. त्याचे रडणे घोगरे झाले आणि हळूहळू बारीक होत गेले. एरवी मूल रडायचे थांबले की आम्ही निःश्वास सोडतो. त्या दिवशी ते थांबताना पाहून माझ्या पोटात गोळा आला.

त्याला उचलून मी रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि काही न विचारता त्याच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिले. काही मिनिटांत त्याचा श्वास मोकळा होऊ लागला. मग ऑक्सिजन लावून त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवले. अशा वेळी सुधारणा झाल्यासारखी वाटते आणि काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून ही खबरदारी. त्याची आई कामावरून धावत आली. मला वाटले, ती मला बोल लावील. तिने फक्त विचारले, “ताई, दाणे दिले होते का?” मी म्हणाले, “नाही, वेचून काढले होते.” हे वाक्य उच्चारताना मला आमचे अज्ञान जेवढे कळले, तेवढे पूर्वी कधी कळले नव्हते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी मला आणि त्या आईला समोर बसवून सगळे समजावले. आपले शरीर रोगजंतूंशी लढण्यासाठी जी यंत्रणा बाळगते, ती काही मुलांच्या बाबतीत एखाद्या निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजते. शेंगदाण्यातील प्रथिनाचा अंश पोटात गेला की तिच्याकडून अशी द्रव्ये सुटतात, ज्यांमुळे त्वचेवर गांधी येतात, घसा आणि श्वासनलिका सुजतात आणि रक्तदाब कोसळतो. या तीव्र अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द रूढ करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे यांना या विषयावरील संशोधनासाठी 1913 साली नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणजे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे. आमच्या वस्तीपर्यंत ते पोहोचले नव्हते, एवढेच. दाणे वेचून काढून उपयोग नसतो, कारण ज्या तेलात ते तळले त्या तेलात, ज्या झाऱ्याने हलवले त्या झाऱ्यावर आणि पोह्याच्या प्रत्येक दाण्यावर तो अंश राहतो. आमसुलाच्या पाण्याने त्वचेला थंडावा वाटेल, ॲलर्जीच्या साध्या गोळीने खाज कमी होईल, पण आवळलेला श्वास दोहोंनीही सुटत नाही. त्यावर पहिले औषध एकच, ॲड्रिनलीनचे इंजेक्शन, आणि तेही वेळेवर.

आपल्याकडे ही गोष्ट लोकांना ठाऊक नसण्याचे एक कारण म्हणजे तिचे प्रमाण. कर्नाटकातील शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत खरीखुरी अन्नाची ॲलर्जी हजारी दोघांपेक्षाही कमी मुलांत आढळली. हाँगकाँगच्या मुलांत ते प्रमाण हजारी पंधराच्या आसपास होते. प्रमाण कमी ही चांगली गोष्ट, परंतु त्यामुळेच आपल्या बालवाडीताईने, स्वयंपाकीणबाईंनी किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी असे मूल कधी पाहिलेले नसते. मग ते मूल नखरेल ठरते, किंवा त्याच्या अंगावर पित्त उठलेले असते.

आणि त्यातही शेंगदाणा! मराठी स्वयंपाकघरात तो दिसतो त्यापेक्षा न दिसता अधिक असतो. पोहे आणि खिचडीत तो डोळ्यांना दिसतो. पण भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, आमटीत, पालेभाजीत, ठेच्यात आणि घट्ट रश्श्यात तो कूट होऊन विरघळून गेलेला असतो. चिक्की, राजगिऱ्याची वडी, तिळगूळ, चिवडा, यांतही तो आहेच. शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, परंतु घाण्यावरच्या तेलात ते राहते. खलबत्त्यात कूट कुटला आणि त्याच खलबत्त्यात लसूण ठेचला, की लसणाची चटणीही छोटूसाठी धोक्याची. हे सारे ऐकून मी घरी आले आणि माझ्या स्वयंपाकघराच्या फडताळासमोर उभी राहिले. रोज हाताळलेले डबे मला नव्याने ओळखून घ्यावे लागत होते.

छोटू परत आला तेव्हा मी मला सुचलेला उपाय केला. त्याच्यासाठी वेगळे ताट, वेगळी वाटी, वेगळा पेला आणला. त्यांवर लाल रंगाची खूण केली. इतर मुलांनी त्याला चुकून घास भरवू नये म्हणून त्याचे आसन दाराजवळ, इतरांपासून चार हात दूर मांडले. मला माझ्या शिस्तीचा अभिमानच वाटत होता.

तिसऱ्या दिवशी त्याला न्यायला आई आली नाही, आजी आली. परभणीकडची, साठीतली, करारी बाई. मुले जेवत होती. ती दारातच थांबली आणि नातवाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “बाई, लेकराचं ताट येगळं का मांडलं?” मी कारण सांगू लागले. तिने हात वर करून मला थांबवले. “माझ्या बापाला गावच्या हाटेलात कप येगळा व्हता. भाईर खिळ्याला टांगलेला. त्यानं च्या प्यायचा, सोताच इसळायचा, अन् परत टांगायचा. ते बघत म्या मोठी झाले. आता माझ्या नातवाच्या म्होरं बी तेच का? अन् आपल्याच माणसाच्या हातानं?”

मला उत्तर सुचले नाही. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरून आणावे, घरी न्यावे लागे, हे मी दरवर्षी 14 एप्रिलला मुलांना सांगत आले होते. आणि माझ्याच पाळणाघरात दाराजवळ एक आसन मांडलेले होते. माझा हेतू चांगला होता, हे खरे. पण अडीच वर्षांच्या मुलाला हेतू दिसत नाही. त्याला आपण दाराशी आहोत आणि बाकीचे आत आहेत, एवढेच दिसते. दोन दिवसांपासून तो नीट जेवत नव्हता, हेही मला तेव्हा आठवले.

त्या रात्री मी विचार केला. माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या असे मला वाटत होते. एक तर वसतिगृहातला नियम, सर्वांच्या ताटात सारखेच, आणि त्यात छोटूच्या जिवाला धोका. नाहीतर वेगळे ताट, आणि त्यात आजीच्या बापाचा कप. विचार करता करता भन्तेजींच्या प्रवचनात ऐकलेली एक गोष्ट आठवली. भिक्खूंनी माध्यान्हानंतर आहार घेऊ नये, हा संघाचा नियम सर्वांना सारखा होता. तरीही आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच द्रव्ये औषध म्हणून कोणत्याही वेळी घेण्याची मोकळीक तथागतांनी दिली. त्या भिक्खूला संघाबाहेर बसवले नाही. नियमच त्याच्यापर्यंत वाकवला. मग मी उलट बाजूने पाहू लागले. छोटूला पंगतीतून उठवण्याऐवजी शेंगदाण्यालाच पंगतीतून उठवले तर?

बोलायला हे सोपे आहे. करताना पहिली अडचण आली ती इतर पालकांची, आणि ती खोटी नव्हती. शेंगदाणा हा गरिबाचा बदाम. मूठभर दाणे आणि गुळाचा खडा यांवर आपल्या कित्येक पिढ्या उभ्या राहिल्या. रविवारी मी पालकांची बैठक घेतली. एक वडील स्पष्टच म्हणाले, “एका पोरासाठी सतरा पोरांच्या तोंडचा घास काढायचा का?” मी हिशेब मांडला. दाण्यांऐवजी मोड आलेले मूग, भिजवलेले हरभरे, ज्यांच्या घरी चालते त्यांना आठवड्यातून तीन दिवस उकडलेले अंडे. कुटाऐवजी भाजक्या डाळ्याचे पीठ आणि ओले खोबरे. यातले छोटूला काय चालते, ते आधी डॉक्टरांना विचारून घेतले होते. दरमहा खर्च थोडा वाढणार होता. तो निम्मा मी सोसायचा आणि निम्मा सर्वांनी, असे ठरले. ज्यांनी आक्षेप घेतला होता, त्यांनीच पहिल्या महिन्याची अंडी आणून दिली. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

पालकांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. पाळणाघरात दाणे बंद झाले म्हणून घरी बंद करू नका. 2015 साली ब्रिटनमधील 640 बालकांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना ॲलर्जी होण्याचा संभव अधिक, अशा बालकांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित देऊ लागले, तर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. भीतीपोटी सर्व मुलांपासून दाणा तोडणे हा शहाणपणा नव्हे. मात्र ज्याला ॲलर्जी जडलेली आहे, त्याला ‘थोडे थोडे देऊन सवय लावू’ हा प्रयोग घरी कोणी करू नये. तो तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीचाच विषय आहे. घरी दाणे खाऊन आलेल्या मुलाने आमच्या दारात प्रथम साबणाने हात-तोंड धुवावे, एवढा नियम केला. सॅनिटायझरने दाण्याचा अंश निघत नाही, त्यासाठी साबण आणि पाणीच लागते.

मग उरलेली कामे एकेक करून लागली. जुना खलबत्ता आणि लाकडी उलथणे काढून टाकले. मिक्सरचे भांडे नवे घेतले. डब्यातला खाऊ एकमेकांना द्यायचा नाही, हे मुलांना गाण्यातून शिकवले. वाढदिवसाला खाऊऐवजी फुगे आणि खडू आणायचे ठरले. बंद पुडा आणला तर त्यावरची बारीक अक्षरे वाचायची. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शेंगदाणा, दूध, अंडे, मासे, सोयाबीन यांसारखे घटक पुड्यावर स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. सुट्या फरसाणावर आणि कोपऱ्यावरच्या चिक्कीवर काहीच लिहिलेले नसते, म्हणून ते दाराबाहेर.

सर्वांत महत्त्वाचा ठरला तो भिंतीवरचा कागद. डॉक्टरांनी तो लिहून दिला, मी मोठ्या अक्षरांत उतरवून स्वयंपाकघराच्या दाराला लावला. त्यावर छोटूचा फोटो, त्याला कशाची ॲलर्जी आहे, आणि काय दिसले तर काय करायचे. अंगावर नुसत्या गांधी आल्या तर हे औषध, आणि लक्ष ठेवायचे. पण त्याबरोबर खोकला, घोगरा आवाज, वारंवार उलटी, गळून जाणे यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहायची नाही. आडवे निजवून पाय उंच करायचे. श्वास लागत असेल तर बसू द्यायचे, पण उभे करायचे नाही आणि चालवायचे नाही. इंजेक्शन, 108 ला फोन, आईला फोन, याच क्रमाने. परदेशात पेनासारखे तयार इंजेक्शन मिळते. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी आईला एका डबीत औषधाची कुपी आणि सिरिंज, वर मात्रा लिहून, बांधून दिली आणि ते कसे द्यायचे हे आम्हां तिघींना करून दाखवले. डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय आणि स्वतः शिकवल्याशिवाय हे कोणी करू नये. पण शिकवा असा आग्रह मात्र जरूर धरावा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी आणि मावशी खोटीखोटी तालीम करीत असू. मावशी अक्षरओळखीच्या वर्गाला दोनच महिने गेल्या होत्या, पण तो कागद त्यांना तोंडपाठ झाला.

डबी उघडण्याची वेळ एकदाही आली नाही. छोटू पुन्हा पंगतीत बसला, मधोमध, आपल्या मित्राच्या मांडीला मांडी लावून. आजी पुढच्या वेळी आली तेव्हा दारात उभी राहून तिने सगळ्या ताटांकडे पाहिले. काही बोलली नाही. जाताना आपल्या पिशवीतला लिंबांचा वाटा माझ्या हातात ठेवून गेली.

बाहेरचे जग मात्र पंगतीएवढे आटोपशीर नसते. जयंतीच्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यावर सरबत आणि खाऊ वाटतात, बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर. पहिल्या पौर्णिमेला छोटूला घरीच ठेवायचे ठरत होते. आजीने ते ऐकले नाही. ती पहाटेच विहारात गेली आणि खिरीच्या पातेल्याजवळ ठाण मांडून बसली. काजू, बदाम, दाणे काही पडू दिले नाही. महिलामंडळातील बायकांनी कारण विचारले, तिने सांगितले. तेव्हापासून आमच्या विहारातील खीर तांदूळ, दूध, गूळ आणि वेलदोड्याचीच होते. ज्या बाईने माझ्यावर वेगळ्या ताटाचा आरोप ठेवला, तिनेच साऱ्या वस्तीचे पातेले नातवाला चालेल असे करून घेतले.

छोटू आता मोठा झाला आहे. आपल्याला काय खाऊन चालते हे तो स्वतः विचारतो आणि खात्री नसेल तर नम्रपणे नको म्हणतो. काही मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते, पण शेंगदाण्याची बहुधा टिकते. त्याची टिकली आहे. पुढील वर्षी त्याला आपल्या शाळेच्या वसतिगृहात पाठवावे, असे त्याच्या आई-वडिलांच्या मनात आहे. हा लेख लिहिण्याचे खरे कारण हेच.

वसतिगृह आणि पाळणाघर यांत फरक आहे. शेकडो मुलांच्या स्वयंपाकघरातून दाणा हद्दपार करा, असे मी म्हणणार नाही. मोठी मुले समजूतदार असतात, आणि या विषयातील तज्ज्ञही शाळांना नुसत्या बंदीवर विसंबू नका, माणसे शिकवा आणि औषध जवळ ठेवा, असेच सांगतात. माझी विनंती लहान आहे. प्रवेश-अर्जात एक ओळ वाढवावी: मुलाला कोणते अन्न चालत नाही, आणि खाल्ल्यास नेमके काय होते. दुसरा प्रश्न विसरू नये, मी तो विचारला नव्हता. अशा मुलाचा कागद भोजनगृहाच्या भिंतीवर असावा. स्वयंपाकीणबाई, अधीक्षक आणि रात्री मुलांजवळ निजणारे कर्मचारी यांनी वर्षातून दोनदा डॉक्टरांकडून तालीम घ्यावी. कूट भाजीत शिजवण्याऐवजी वाटीत वेगळा ठेवला, तर ज्याला हवा त्याने वरून घ्यावा आणि पातेले सर्वांचे राहावे. आणि प्रार्थनेनंतर कधीतरी मुलांना सांगावे की रांगेतले एखादे मूल ताटातले काही बाजूला सारत असेल, तर त्याला नाव ठेवण्यापूर्वी कारण विचारा.

सहावीतील त्या मैत्रिणीचे नाव मी येथे लिहीत नाही. ती आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. ही स्मरणिका जुन्या विद्यार्थिनींच्या घरोघरी जाणार आहे, तेव्हा कदाचित तिच्याही हाती पडेल. बाई, तुझ्या तोंडात खरेच खाजत होते, घसा खरेच आवळत होता. तू सांगत होतीस आणि आम्ही हसत होतो. त्या वेळी घंटा झाली नसती तर काय झाले असते, या विचाराने मी आजही कधी रात्री उठून बसते. तुझी क्षमा मागते.

शाळेने मला पंगतीत बसायला शिकवले, याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे.

जय भीम.

— एक माजी विद्यार्थिनी, काशीगाव